शॉकअपमधलं खोबरेल

एका गावात एक सायकल मिस्त्री होता. सायकलीतलं त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणालाच कळत नव्हतं. हे पंचक्रोशीचं म्हणणं नव्हे हो, मिस्त्रीचं स्वतःचं. पंचक्रोशी आपली मान डोलवायची, कारण पंक्चर काढायला दुसरीकडं जायचं तर आधी अख्खा डोंगर उतरावा लागे.

गाव डोंगरावर, माळमाथा नावाचं. मिस्त्रीचं नाव गेनू. चाक नुसतं नजरेनं बघून माप सांगायचा. बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. काळ्या सायकलींच्या दुनियेत मापं तेवढीच, त्यामुळं चुकायला जागाच नव्हती. तुम्हाआम्हालाही जमलं असतं. पण सांगताना मिशीवरून हात फिरवायचा असतो, तो आपल्याला जमला नसता.

गेनूची बायको लवकर गेली. मागं एक मुलगी राहिली, रत्नमाला. गेनू तिला रतन म्हणायचा. दर रविवारी सकाळी तिला दुकानापुढच्या दगडावर बसवायचा आणि घाण्याचं खोबरेल तिच्या डोक्यात अशा काही मायेनं जिरवायचा, की पोरीचे डोळे मिटायचे आणि तेलाचा ओघळ नाकाच्या शेंड्यावर यायचा. तेल खोबऱ्याचं, हात ग्रीसचे. सोमवारी शाळेत मुली विचारायच्या, "रतने, वेणीला सायकलची चेन लावलीस का गं?"

रतन मोठी झाली ती हातात पाना धरूनच. एके वर्षी बापाच्या काळ्या सायकलीवर बसून तिनं तालुक्याची डोंगरी शर्यत मारली, आणि बक्षिसात नवीकोरी डोंगरी सायकल घेऊन आली. जाडजूड टायर, गिअर, आणि पुढच्या चिमट्याला चकचकीत नळ्यांचा शॉकअप. खड्डा आला की शॉकअप दबायचा, खड्डा गेला की पुन्हा वर यायचा. गाव चार दिवस त्या शॉकअपवर हात दाबून बघायला रांग लावून उभं होतं. गेनूनं पेंटरला बोलावलं आणि दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली: 'गेनू मिस्त्री आणि कन्या'.

कन्येला विचारायचं तेवढं राहून गेलं. विचारायचं काय त्यात? कन्या आपलीच, पाटीही आपलीच.

कन्या वनरक्षक झाली. नेमणूक मिळाली ती पाखरखिंडीच्या पलीकडं, खिंड उतरून दोन तासांवर, जंगलातल्या चौकीवर.

ती निघाली त्या दिवशी गेनूनं तिच्याकडं पाठ केली. एक चाक स्टँडवर लावलं आणि त्याच्या तारा आवळत बसला. चाक सरळच होतं. त्याच्याइतकं सरळ त्या दिवशी दुकानात दुसरं काही नव्हतं.

"आप्पा, माझी गाडी तुमच्यासाठी ठेवलीय," रतन पाठीला म्हणाली. "चालवा. काय करायचं, काय नाही, ते कागदावर लिहून सीटवर ठेवलंय. वाचा."

"चाळीस वर्षं मिस्त्री आहे मी."

"म्हणून तर म्हणते, वाचा."

जीप गेली. गेनूनं मान वळवली तेव्हा रस्त्यावर कुत्रंही उरलं नव्हतं. मग त्यानं मनाशी ठरवलं: आधी ती येईल, मग मी जाईन. आणि तिकडं पोरगी तरी कुणाची? गेनूचीच. तिनं ठरवलं: बापानं पाठ केली, आता त्यानं तोंड केल्याशिवाय घरचा उंबरा ओलांडायचा नाही. झालं. बसा आता दोघंही.

हसू नका. तुमच्याही घरात असे दोघं आहेत. त्यातले एक तुम्हीच असाल.

गेनूचं सायकलीवर प्रेम मात्र असं, की विचारू नका. ती झिजू नये म्हणून तो एकदाही तिच्यावर बसला नाही. दुकानात मधोमध उभी केली, चादर घातली. रोज पुसायचा. पितळेची एक जुनी घंटी होती, ती हँडलला लावून टाकली. असू दे, म्हणे, पोरीला आवडेल. दसऱ्याला तर सोहळाच. झेंडूची माळ हँडलला, नारळ चाकाशी, आणि हळदकुंकू थेट शॉकअपच्या चकचकीत नळ्यांना, अगदी मुठीमुठीनं. आता त्या नळ्या वरखाली सरकतात तिथं एक नाजूक रबर असतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. त्या रबराला देवाची हळद आणि रस्त्याची धूळ यातला फरक कळत नाही. अडाणीच ते.

आणि रतनचा कागद? तो गेनूनं देव्हाऱ्यात ठेवला. चौघडी घातलेला, जसा होता तसा. रोज त्यालाही हळदीचं बोट लागायचं. त्याची पूजा झाली, आरती झाली. वाचन तेवढं झालं नाही. चाळीस वर्षांच्या मिस्त्रीनं पोरीकडून शिकायचं म्हणजे काय?

गेनूची थोरली बहीण सोनाआत्या त्याच्याच घरी राहायची. तोंडात दात चार, पण चारही कामाचे. ती म्हणायची, "गेन्या, पोरीची आठवण येती तर जा की चालत. खिंड काय पळून चाललीय?"

"मला कुठं आठवण येते?"

"मग दुकानाच्या फळ्या लावायला अर्धा तास कसा लागतो रं तुला? फळ्या तर चारच हायत."

खरं होतं. रोज संध्याकाळी गेनू खिंडीकडं तोंड करून फळ्या लावायचा. एक लावायची, बघायचं. दुसरी लावायची, बघायचं. खिंडीच्या खाचेत ऊन अडकून राहायचं आणि मग घसरून पलीकडं जायचं, जिकडं रतन होती. उन्हाचा त्याला हेवा वाटायचा. त्यानं कुणाकडं पाठ केली नव्हती.

महिन्यातून एकदा रतन तालुक्याला यायची आणि माळमाथ्याच्या वाण्याकडं फोन करायची. गावात मोबाइल चालत नव्हते, वाण्याचा तारेचा फोन तेवढा चालायचा. गेनू धावत जायचा, आणि फोन हातात आला की आवाज जाड करायचा.

"गाडी कशी आहे आप्पा?"

"मस्त."

"चालवता का?"

"रोज."

पलीकडून, खालच्या आवाजात, "बरं. ठेवते."

गाडी मस्त आहे, रोज चालवतो, एवढं सांगूनही पोरीचा आवाज का उतरतो, हे गेनूला कळायचं नाही. वाण्यालाही कळायचं नाही, आणि तो तर शब्दन् शब्द ऐकायचा.

असे वीस महिने गेले.

संक्रांत आठ दिवसांवर आली, आणि वनखात्याच्या जीपचा ड्रायव्हर इस्माईल दुकानासमोर थांबला. बडबड्या माणूस, पण आज गाडीतून उतरला तो हळू.

"मिस्त्रीकाका, ताईंची बदली झाली. पार चंद्रपूरकडं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघणार."

गेनूच्या हातातला पाना तसाच राहिला.

"निरोप दिलाय," इस्माईल म्हणाला. "संक्रांतीला खिंडीत थांबते म्हणाल्या, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. आप्पांना यायचं असेल तर या म्हणावं. नसेल यायचं तर तिळगूळ घरीच ठेवा म्हणावं."

"असं म्हणाली?"

"शब्द त्यांचेच. मी आपला आवाज जरा मऊ केला." मग तो म्हणाला, "लांबच्या रस्त्यानं मी नेतो की काका तुम्हाला. सायकल नको, काही नको."

"आणि गाडी कोण नेणार?" गेनू एकदम तडकला. "वीस महिने जपलीय. तिच्यावर बसून खिंड चढीन आणि रतनपुढं उभी करीन. म्हणीन, बघ."

इस्माईलनं आत्याकडं बघितलं, आत्यानं आभाळाकडं. आभाळानंही काही मत दिलं नाही.

गेनूनं चादर काढली. मागचा टायर एकाच जागी उभा राहून बुडाशी तडकला होता. नवा हवा. गेनूनं टेप काढली, टायर जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत मोजला. एकोणतीस इंचांना तीन सुतं कमी. "झिजलाय तेवढा," तो म्हणाला. न चालवलेला टायर कसा झिजेल, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत ५८४ असा आकडा होता. तो कारखान्याचा काहीतरी असेल म्हणून सोडून दिला. इस्माईलला सांगितलं, "तालुक्याहून एकोणतीसचा आण. माझ्या नावावर बिनधास्त माग."

मग शॉकअप. दाबला, तर खरवडल्यासारखा ओरडला. गेनू हाताचा पक्का होता, त्याबद्दल वाद नाही. खालचे बोल्ट काढले, नळ्या अलगद उपसल्या. आत स्पंजच्या रिंगा, वाळून खडखडीत. आणि रबराच्या कडेला पिवळा-लाल चिखल. गेनूनं तो बोटावर घेतला, हुंगला आणि थक्क झाला. "आत्या, बघ. कारखान्यातच हळदकुंकू घातलंय. परदेशातली माणसंसुद्धा भाविक असतात."

"व्हय," आत्या म्हणाली. "आणि झेंडूची पाकळीबी तिकडूनच आली असंल."

आता रिंगांना तेल पाहिजे. दुकानात मशीनचं तेल डबाभर होतं. गेनूनं डबा उचलला आणि खाली ठेवला. ते तेल गिऱ्हाइकांच्या सायकलींना. रतनच्या गाडीला कसं घालायचं? तो घरात गेला, फळीवरची घाण्याच्या खोबरेलाची बाटली आणली. रिंगा तेलात बुडवून ओल्या केल्या, नळ्यांच्या तळाशी पळी-पळी तेल सोडलं, बोटांनी जिरवलं. जिरवताना त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते सांगत नाही. बापाचं गुपित आहे.

दुपारी बारा वाजता त्यानं गावाला बोलावून शॉकअप दाबून दाखवला. लोण्यासारखा खाली, फुलासारखा वर. वाणी म्हणाला, "मिस्त्री तो मिस्त्रीच." गेनूनं मिशीवरून हात फिरवला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी टायर आला. गेनूनं तो रिंगवर चढवला आणि हात सोडला, तर टायर रिंगभोवती असा लोंबला, जशी आजोबांची टोपी नातवाच्या डोक्यावर. गेनूनं पुन्हा चढवला. पुन्हा लोंबला. रिंग होती साडेसत्तावीसची. तिच्यावरचा जुना टायर पोटानं सुटलेला, म्हणून बाहेरून एकोणतीस भरत होता. माणूस धोतरावरून मोजला की असंच होतं. गेनू बराच वेळ त्या दोघांकडं बघत बसला. मग मुकाट्यानं जुनाच टायर परत चढवला. तड्यातून ट्यूब बेडकासारखी डोकावत होती. सकाळी आधारानं, हळूहळू नेऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. स्वतःनं ऐकलं, कारण दुसरं कोण ऐकणार?

संक्रांतीची सकाळ अशी गार, की शब्द तोंडातून वाफ होऊनच बाहेर पडे. गेनूनं ठेवणीतला सदरा घातला, सायकल अंगणात काढली, शॉकअप दाबला. शॉकअप हललाच नाही. पुन्हा दाबला, अंगाचा भार टाकला. भिंतीवर भार टाकल्यासारखं. पाना आणला, बोल्ट ढिले केले, आवळले. घाम आला, पण शॉकअप तसाच. ऊन वर यायला लागलं.

तेवढ्यात सोनाआत्या न्हाऊन आली. फळीवरची बाटली उलटी केली, तळव्यावर थोपटली आणि उन्हात दगडावर ठेवून दिली.

"काय करतेस?" गेनू वैतागून म्हणाला.

"तेल गोठलंय रं. रोजच गोठतं थंडीत." मग तिनं शॉकअपकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, भावाकडं बघितलं. "गेन्या, माझ्या डोक्याचं तेल थंडीत दगड हुतं. तुझ्या शॉकअपातलं काय देवाच्या घरून आलंय?"

गेनू मटकन खाली बसला. अशा वेळी माणसाला हसू यावं की रडू, ते चेहऱ्यालाही ठरवता येत नाही.

सूर्य एक बांबू वर आला होता, आणि मागचं चाकही रात्रीत बसलं होतं. बसून खिंड चढायला दोन तास लागले असते. ढकलत चार. त्यानं एकदा चादरीकडं बघितलं. सायकल झाकायची, आत जायचं, म्हणायचं, तिला यायचं तर तिनं यावं. सवयीचं होतं ते सगळं. वीस महिने जमलं होतं.

"आत्या," तो म्हणाला, "डबा भरलास का?"

आत्यानं तिळगुळाचा डबा आधीच भरून ठेवला होता. हँडलला अडकवताना तिच्या चार दातांत हसू होतं, ते का होतं ते पुढं कळेल.

गेनू सायकल ढकलत निघाला. नवा टायर गळ्यात, हारासारखा, रतनकडून इस्माईलला परत पोचवायचा म्हणून. अख्खं गाव पारावर उभं. गेनूनंच आठ दिवस सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, बघायला या म्हणून!

"मिस्त्री," वाणी ओरडला, "गाडी तुम्हाला नेतीय का तुम्ही गाडीला?"

"हार कुणी घातला हो मिस्त्री? सत्कार कसला?"

गेनूनं मिशीवर हात फिरवला नाही. दोन्ही हात हँडलवर होते.

चढ सुरू झाला. गोटे, मुरूम, करवंदीची जाळी. मागचं चाक बसकं, त्यामुळं सायकल प्रत्येक दगडाला हट्टी म्हशीसारखी अडायची. गेनूचे गुडघे कुरकुरायला लागले. त्यांनाही कुणी वीस महिने तेल घातलं नव्हतं. चालता चालता त्यानं रतनला सांगायचं वाक्य बसवलं: 'येता येता पंक्चर झाली.' साधं, सोपं, मिस्त्रीला शोभेल असं. पाच वेळा म्हणून बघितलं. पाचही वेळा बरोबर आलं.

पहिलं टेकाड झालं. दुसरं झालं. सावली पायाखाली गोळा होत आली, आणि खिंड अजून वरच. गेनू पळायला लागला. गळ्यात टायर, हातात सायकल, वय बासष्ट. दृश्य चांगलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकच होतं: सूर्या, थांब रे बाबा. जरा फळ्या लाव हळूहळू.

खिंडीत पोचला तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. खिंडीच्या दगडावर कुणी नव्हतं. पलीकडं उतारावर, बरंच खाली, खाकी कपड्यातली एक पाठ चालली होती. एका खांद्यावर पिशवी. मागं वळून न बघणारी पाठ. गेनूनं ती पाठ लगेच ओळखली. त्याचीच होती ना ती, पोरीनं उचललेली.

पाठीकडं बघून हाक मारायची म्हणजे काय असतं, ते त्याला आज कळलं. त्यानं तोंड उघडलं. श्वासच नव्हता. "र..." एवढंच आलं, तेही वारा घेऊन गेला.

मग त्याचा अंगठा घंटीवर गेला.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

डोंगरात सायकलची घंटी कोण वाजवतं? पाठ थांबली. वळली. मग ती चढ चढून वर आली, आधी चालत, मग भराभर, आणि शेवटच्या दहा पावलांवर पुन्हा हळू झाली.

रतन बारीक झाली होती. उन्हानं रापली होती. तिनं बापाकडं बघितलं, गळ्यातल्या टायरकडं बघितलं, मग सायकलीकडं.

"ढकलत आणलीत?"

'येता येता पंक्चर झाली.' वाक्य जिभेवर तयार बसलं होतं. गेनूनं तोंड उघडलं.

"चालवलीच नाही कधी," तो म्हणाला.

"रोज म्हणत होतात ते?"

"खोटं."

"एकदासुद्धा नाही?"

"झिजेल म्हणून. तुझी आहे ना." मग सगळंच बाहेर आलं: टेप, एकोणतीस, आजोबांची टोपी, गोठलेला शॉकअप. सांगताना गळ्यातला टायर काढायचंही त्याला सुचलं नाही.

रतन मिस्त्रीचीच पोर, तिचे हात आधी शॉकअपकडं गेले. इतक्या वेळच्या उन्हानं नळ्या तापल्या होत्या. तिनं दाबलं, आणि शॉकअप गुमान खाली बसला. रबराच्या कडेनं तेलाची एक बारीक रेघ बाहेर आली. तिनं ती बोटावर घेतली, चोळली, नाकाशी नेली.

पुन्हा नाकाशी नेली.

"आप्पा, खोबरेल?"

"घाण्याचं."

"शॉकअपमध्ये?"

"मशीनचं तेल मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांना घालतो."

रतन हसली. हसता हसता तिचे डोळे मिटले, दगडावर बसायची तेव्हा मिटायचे तसे. मग ते बोट तिनं स्वतःच्या भांगावरून फिरवलं, हळदीसकट.

"तिळगूळ आणलाय," गेनू घाईघाईनं म्हणाला, कारण आता काहीतरी बोलणं भाग होतं.

रतननं डबा उघडला. वर लाडू, आणि लाडवांवर हळदीनं पिवळा झालेला एक चौघडी कागद. सोनाआत्याचं काम! चार दातांचं हसू ते हेच. रतननं तो उचलला. घडीची कड अजून धारदार होती. कागद एकदाही उघडला गेला नव्हता.

"हा वाचला नाहीत?"

"देव्हाऱ्यात होता." गेनूला वाटलं होतं हे उत्तर चांगलं आहे. मोठ्यानं म्हटल्यावर तसं वाटेना.

रतननं घडी मोडली आणि वाचायला लागली. वाचत होती की बोलत होती, कळत नव्हतं.

"'आप्पा, टायर बाहेरून टेपनं मोजू नका. त्याच्या अंगावर बारीक आकडा आहे, ५८४, तो दुकानदाराला सांगा. टायर रिंगवर बसतो कुठं ते त्यावरून कळतं. पोट किती सुटलंय ते बघू नका.'"

गेनूनं गळ्यातला टायर काढून खाली ठेवला.

"'हळदकुंकू शॉकअपच्या नळ्यांना लावायचं नाही. तुम्ही लावणार, मला माहितेय. सहा महिन्यांनी आतलं तेल बदला. शॉकअपचं वेगळं तेल मिळतं, तेच. घरातलं कुठलंही नाही. आणि शॉकअपमध्ये हवा दाबून भरू नका. तुम्ही वर बसलात की शॉकअप पाव हिस्सा खाली गेला पाहिजे. जो शॉकअप वाकत नाही तो मजबूत नसतो आप्पा, बिघडलेला असतो. घंटी बसवू नका, मला आवडत नाही.'"

तिनं घंटीकडं बघितलं आणि पुढची ओळ घेतली. ती घेताना आवाज खाली गेला, फोनवर जायचा तसा.

"'शेवटचं. गाडी नुसती उभी ठेवू नका. वापरली नाही की तेल तळाला बसतं आणि वरचं रबर सुकतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी खिंडीपर्यंत चालवत या. मी पलीकडून येते.'"

वारा आला आणि गेला.

"आलीस?" गेनूनं विचारलं.

"आले."

"किती वेळा?"

"पहिले रविवार झाले वीस. पावसात छत्री उलटी झाली, तरी आले." ती कागदाची घडी पुन्हा त्याच कडांवरून घालायला लागली. "तुम्ही म्हणायचात, रोज चालवतो. मला वाटायचं, रोज चालवतात, सगळीकडं जातात, खिंडीत तेवढे येत नाहीत."

गेनूला रडताना पाठ करायची सवय होती. बायको गेली तेव्हा केली होती, पोर निघाली तेव्हा केली होती. या वेळी त्यानं केली नाही. तोंड समोर ठेवूनच रडला, मिशीसकट. दिसायला काही फार बरं दिसत नव्हतं, पण बघणारी एकटीच होती आणि तिलाही नीट दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं रतननं एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या आप्पा," ती म्हणाली, "आणि खरं बोला."

दुसऱ्या दिवशी ती गेली. चंद्रपूर काही खिंडीपलीकडं नाही. ती परत आली, राहिली, सगळं गोड झालं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण बदलीच्या कागदाला तिळगूळ चारता येत नाही.

गेनूनं ५८४चा टायर मागवला. टोपी बरोबर बसली. शॉकअप उघडून हळद धुतली, नेमकं तेल घातलं, वर बसून बघितलं, पाव हिस्सा खाली गेला. कागद पुन्हा देव्हाऱ्यात गेला नाही, दुकानाच्या भिंतीवर गेला, वाचता येईल अशा उंचीवर. मग त्यानं पोरीला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. एकच ओळ: 'पाटीवरचं "आणि कन्या" ठेवू का पुसू?'

उत्तर आलं: 'राहू द्या. या वेळी विचारलंत, बरं वाटलं. इकडं डोंगर नाहीत, एक टेकाड आहे. पहिल्या रविवारी मी तिथं जाऊन बसते. तिथून काही दिसत नाही. तरी बसते.'

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी गेनू मिस्त्री डोंगरी सायकलवर बसतो, दोन तास चढून खिंडीत जातो, दगडावर बसतो, डबा खातो. वाण्यानं एकदा विचारलं, "मिस्त्री, आता तिकडं कोण येतं हो?"

"कुणी नाही," गेनू म्हणाला.

"मग?"

"सुकायला नको."

आणि खिंडीतून खाली उतरायच्या आधी, पलीकडच्या रिकाम्या उताराकडं तोंड करून, तो एकदा घंटी वाजवतो.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याचं माप आपल्या टेपनं घेऊ नये, त्यालाच विचारावं, आणि त्यानं सांगून ठेवलं असेल तर त्याची पूजा मागाहून करावी, आधी ते वाचावं, नाहीतर चांगल्यातलं चांगलं तेलसुद्धा आतल्या आत गोठून बसतं.